रतनमामाने पारखून घेतलेला रिमोट

वस्तीला पाणी आलं की नाही, हे कुणी ठरवायचं? नळाखाली हंडा धरून उभ्या असलेल्या बाईने, की ग्रामपंचायतीच्या वहीत ‘एक तास’ असं लिहिणाऱ्या माणसाने? विचार करून उत्तर द्या, कारण माझ्या मामाने या एका प्रश्नापायी आयुष्याचं शेवटचं वर्ष खर्ची घातलं आणि तो जिंकला.

दीड महिन्यापूर्वी सकाळी मामीचा फोन आला तेव्हा मी नळावरच होते. मामी एवढंच म्हणाली, “तुझा मामा गेला गं...” मी उभी राहिले तशीच. हंडा भरला, पाणी वाहायला लागलं, मागच्या बाईने तो हळूच बाजूला ओढून आपली कळशी लावली. कुणी घाई करत नव्हतं. वर्षापूर्वी याच नळावर हंड्यावर हंडे आपटले जायचे. पाणी अजून अर्धा तास चालणार हे आता सगळ्यांना माहीत होतं.

रतनमामाचा श्रीरामपुरात छोटा फोटो स्टुडिओ होता, मतदार यादीत नाव मात्र आमच्याच गावात. लग्नं, बारशी, शाळेचे ओळखपत्रांचे फोटो. आमची बौद्धवस्ती पुणतांब्याच्या अलीकडच्या एका गावाच्या टोकाला, पाइपलाइनच्याही टोकाला. वहीत रोज तासभर पाणी, नळाला जेमतेम पंधरा मिनिटं. विचारायला गेलं की उपसरपंच म्हणायचे, तुम्ही बायका गप्पा मारत बसता, पाणी येऊन जातं. मी त्यावर एक पत्रक लिहिलं. आमच्या घरात भाकरीच्या टोपलीशेजारी पत्रकांचा गठ्ठा असायचा, त्यामुळे मला दुसरं हत्यार माहीत नव्हतं. मामाने ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, “लई गरम हाय. पन यात पानी कुठंय?”

मग आम्ही मोबाइलवर व्हिडिओ काढायचं ठरवलं. मी मोबाइल धरून नळाशी उभी राहिले आणि नेमकं त्या दिवशी पाणी तासभर आलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मी नव्हते तेव्हा पुन्हा पंधरा मिनिटं. पाणी सोडणाऱ्याला टाकीवरून आमचा नळ दिसतो, हे तेव्हा कळलं. मामा म्हणाला, फोटो काढणारं माणूस दिसता कामा नये. कॅमेरा नळासमोर राहणाऱ्या अनुसयाबाईच्या पत्र्यावर घमेल्याखाली ठेवायचा आणि त्याने दर मिनिटाला आपला आपण फोटो घ्यायचा. त्यासाठी टायमरचा रिमोट लागतो, आणि तो वायरचा नको. पाणी सहाला येईल की दहाला याचा भरवसा नाही. ज्या बाईला आधी धार दिसेल तिने पदराआडून बटण दाबलं की झालं.

रिमोट घ्यायला मी बरोबर गेले होते. दुकानदाराने आधी नखाएवढा स्वस्त रिमोट काढला. मामाने तो घेतला, कॅमेरा खांद्याला लावला आणि सरळ रस्त्यावर उन्हात जाऊन उभा राहिला. कॅमेऱ्याच्या समोरून बटण दाबलं तर कधी चाले, कधी नाही. मागून अजिबात नाही. परत येऊन त्याने तो काउंटरवर ठेवला. दुकानदार म्हणाला, काका, लोक बॉक्स बघून घेतात, तुम्ही कॅमेराच घेऊन आलात. मामा म्हणाला, “चप्पल घ्यायला जाताना पाय घरी ठिवून जातो का आपन?” प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्याचं भोक वेगळं, पिन वेगळी, हे त्याला ठाऊक होतं. मी मोबाइलच्या अॅपवर चालणारा महागडा रिमोट दाखवला. रेंज गेली की तो दगड, असं म्हणून त्याने तो पाहिलाही नाही. शेवटी त्याने रेडिओवर चालणारा घेतला. एक तुकडा कॅमेऱ्याला, दुसरा हातात. भिंतीआडूनही चालणारा, किती वेळाने आणि किती फोटो ते पडद्यावर लावता येणारा. घेण्याआधी मागचं झाकण उघडून आत पेन्सिल सेल बसतात का ते पाहिलं. बटणसेलवर चालणारा असता तर त्याने परत केला असता. आमच्या गावच्या दुकानात बटणसेल मिळत नाहीत.

आठवडाभराचे फोटो पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवून आम्ही ग्रामसभेत गेलो. उपसरपंचांनी ते शांतपणे पाहिले आणि एका फोटोवर बोट ठेवलं. मागे फाट्यावर एसटी उभी होती. ती नऊला येते हे गावातलं शेंबडं पोर सांगेल, फोटोवर छापलं होतं नऊ वीस. “रतनराव, तुमचा कॅमेरा आमच्यापेक्षा खोटारडा निघाला की,” ते म्हणाले आणि सभा हसली. चूक खरीच होती. लग्नाचा मुहूर्त हुकू नये म्हणून मामा वर्षानुवर्षं कॅमेऱ्याचं घड्याळ वीस मिनिटं पुढे ठेवायचा, आणि ते मागे घ्यायचं राहून गेलं होतं. सगळीच वेळ पुढे असली तरी पंधरा मिनिटांची पंधराच राहतात, हे मी ओरडून सांगत होते. ऐकतो कोण...

मामा उठला. मला खाली बसवलं. म्हणाला, “चूक माझी हाय, मान्य. आता असं करू. कॅमेरा माझा, घड्याळ तुमचं. हे हापिसातलं भिंतीवरचं घड्याळ महिनाभर आमच्या नळाच्या खांबाला लावा. फोटो कुठल्या दिवशी काडनार ते सांगत न्हाई.”

भर सभेत नाही कसं म्हणणार? घड्याळ निघालं. बायकांनी त्याला प्लास्टिकची पिशवी बांधली. परतताना मी विचारलं, आता तर ते सावध झाले, महिनाभर पूर्ण पाणी सोडलं तर? मामा हसत सुटला. “मग हरलो का आपन? महिनाभर पानी तर प्यालो!”

पहिले दहा दिवस पाणी तासभर आलं. मग पाणी सोडणाऱ्याची जुनी सवय वर आली. अकराव्या दिवशी अनुसयाबाईने पदराआडून बटण दाबलं. पुढच्या सभेत पुठ्ठ्यावर प्रत्येक फोटोत पंचायतीचं स्वतःचं घड्याळ होतं आणि सोळाव्या फोटोत कोरडा नळ. या खेपेला सभा हसली ती उपसरपंचांकडे बघून. वस्तीसाठी वेगळा व्हॉल्व्ह बसवायचा आणि त्याची चावी बायकांकडे द्यायची, असा ठराव झाला. त्यावर हात वर करणाऱ्यांत वरच्या आळीतले शेतकरीही होते. मामाने त्या हातांचा फोटो काढला नाही. तो स्वतः हात वर करून बसला होता.

मामीने कॅमेरा आपल्याजवळ ठेवला. रिमोट मात्र तिने वस्तीच्या वाचनालयात आणून दिला, सेल काढून, डबीत घालून. आतापर्यंत तो दोन गावांना जाऊन आला. एका ठिकाणी रेशन दुकानाचं बंद दार होतं, दुसऱ्या ठिकाणी दवाखान्यातली रिकामी खुर्ची. खुर्चीवर आता माणूस बसतो.

म्हणून ही विनंती. तुमच्या वाडीवर जे कागदावर मिळतं आणि हाताला लागत नाही, त्यासाठी हा रिमोट घेऊन जा. येताना तुमचा कॅमेरा आणा, पिन बसते का ते इथेच बघा. आणि काम झालं की त्याच आठवड्यात परत आणून द्या, कारण तुमच्या मागे दुसरं गाव उभं आहे.