काचेपलीकडून ओ

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकच जागा उजळलेली असते, ती म्हणजे एक खिडकी. बाकी सगळं पहाटेच्या धुरकट उजेडात. बसस्टँडचा लांबलचक फलाट, बाकांवर पेंगणारी माणसं, झाडू मारता मारता स्वतःशीच भांडणारा सफाईवाला, इंजिन तापवत गुरगुरणारी एक गाडी. आणि मधोमध ती काचेची खिडकी. वर ‘चौकशी’ अशी पाटी, आत ट्यूबलाइट, आणि ट्यूबलाइटखाली आपली नायिका. खुर्चीवर उशी घेऊन बसलेली, कारण खुर्चीही बुटकी आणि बाईही बुटकी.

स्टँडवर सगळे तिला चौकशीबाई म्हणत. समोर माईक, माईकला लाल बटण. बटण दाबून तिनं तोंड उघडलं की पार शेवटच्या बाकावरचा माणूस सावरून बसे. हा आवाज मोठा नव्हता, पोचणारा होता. ओरडणारे नट पुष्कळ असतात. कुजबुजून मागच्या रांगेतल्या म्हातारीला रडवणारा एखादाच, त्या जातीचा हा आवाज.

माईकचा एक नियम ती देवाज्ञेसारखा पाळायची. घरचा शब्द माईकवर जाता कामा नये. तिच्या आधीच्या बाईंनी एकदा बटण बंद करायला विसरून नवऱ्याची खरडपट्टी काढली होती. नवरा चालक होता. त्या दिवशी त्याला थांब्याथांब्यावर लोक विचारत होते, “काय राव, मिटलं का?”

चौकशीबाईचा नवराही चालक, लांब पल्ल्याच्या गाडीवर. घरी असला तर झोपलेला असायचा. म्हणून त्यांची मुलगी, चिमणी, शाळा सुटली की थेट स्टँडवर यायची आणि खिडकीसमोरच्या बाकावर बसून चित्रं काढायची. काच जाड, खाली हात जाईल एवढीच फट. गर्दीच्या वेळी आवाज आरपार जायचा नाही. मग मायलेकींनी आपली एक भाषा केली. आई काचेआडून नुसते ओठ हलवी, “डबा खाल्लास?” चिमणी मान हलवी. “सगळा?” चिमणी दोन बोटांत थोडंसं अंतर दाखवी. रांगेतल्या माणसांना पत्ता नसे. चौकशीबाईला याचं भारी कौतुक. “माझी पोर ओठांवरून शब्द उचलते,” असं ती ज्याला त्याला सांगायची.

आणि याच कौतुकानं घात केला.

चिमणी दुसरीत गेली आणि शाळेतून तक्रारी येऊ लागल्या. हाक मारली तर ओ देत नाही. फळ्याकडे तोंड करून काही सांगितलं की करत नाही. शेवटी वर्गशिक्षिका म्हणाल्या, “हुशार आहे हो, पण फार हट्टी. नव्या वर्षी परत दुसरीतच बसवावं लागेल. कान एकदा तपासून घ्या, म्हणजे आमची शंका फिटेल.”

कानाचे एक नामांकित डॉक्टर होते. त्यांच्या दवाखान्याची कीर्ती अशी की माणूस कान दाखवायला जायचा आणि पाठ धरून परत यायचा, एवढा वेळ तिथल्या खुर्च्यांवर बसावं लागे. समोर काउंटर, काउंटरवर काच, काचेमागे एक बाई. त्या बाईंना लोक पाठीमागे किल्लेदारीणबाई म्हणत. त्यांनी मान वर केल्याशिवाय आत मुंगी जात नसे, आणि मान वर करायची त्यांना सवय नव्हती.

नंबर लागला. चिमणीला काचेच्या लहानशा खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. बाहेर यंत्रापाशी एक तरुण मुलगी. “आवाज आला की हात वर करायचा हं, बाळा.” चिमणीनं दर वेळी बरोबर हात वर केला. डॉक्टरांनी कागदावर नजर टाकली, कानांत उजेड पाडून पाहिलं, आणि बसायलाही न सांगता निकाल दिला. “कान उत्तम आहेत. लक्ष नाही पोरीचं. घरात जरा शिस्त लावा.”

आईला हायसं वाटलं आणि पाठोपाठ राग आला. घरी जाऊन तिनं चिमणीला चांगलं फैलावर घेतलं. बापानंही झोपमोड झाली म्हणून दोन शब्द जास्त सुनावले. “कान असून ऐकत नाहीस, अगं, लाज वाटते का?” चिमणी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत राहिली.

पुढं एके दिवशी वरच्या साहेबांचा हुकूम आला आणि खिडकीच्या काचेवर नवं वेळापत्रक डकवलं गेलं, बरोबर बाईच्या तोंडासमोर. दुपारी चिमणी आली, बाकावर बसली. गर्दी नव्हती, गाड्या थंड उभ्या होत्या. बाई कागदामागून म्हणाली, “चिमणे, डबा खाल्लास?” उत्तर नाही. पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. सफाईवाल्यानं वळून पाहिलं. चिमणी चित्रातल्या घराला कौलं काढत होती.

बाईनं वेळापत्रकाची खालची कड उचकटली, तोंड उघडं केलं आणि नुसते ओठ हलवले. चिमणी हसली आणि तिनं दोन बोटांत थोडंसं अंतर दाखवलं.

खिडकी बंद करून बाई बाहेर आली, लेकीपुढं उकिडवी बसली. “राणी, त्या दवाखान्यात हात कधी वर करायचा हे तुला कसं कळायचं?”

“त्या ताईची भुवई वर जायची ना,” चिमणी म्हणाली. “भुवई गेली की हात. मी एकदाही चुकले नाही, आई.”

त्या रात्री फोनवर नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं पलीकडे इंजिन बंद केलं. मग तो म्हणाला, “आपण तिला नाही नाही ते बोललो गं.”

“बोललो. आता निस्तरू.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन. किल्लेदारीणबाईंचं उत्तर तयार. “रिपोर्ट नॉर्मल आहे. नॉर्मल रिपोर्टची परत तपासणी होत नाही.”

“मॅडम, पण तो रिपोर्ट चुकलाय. पोरगी बघून—”

“म्हणजे आमचं यंत्र चुकलं?”

“यंत्र नाही हो. यंत्रापाशी बसलेल्या ताईंची भुवई.”

फोन बंद झाला. बाईलाही कळलं की हे वाक्य ऐकून आपणही फोन ठेवला असता.

मग ती प्रत्यक्ष गेली. “नवी वेळ पावसाळ्यानंतरची मिळेल,” किल्लेदारीणबाई मान खाली ठेवून म्हणाल्या. शाळेचं नवं वर्ष त्याच्या कितीतरी आधी सुरू होणार होतं. बाई वाद घालायला तोंड उघडणार, एवढ्यात तिच्या ध्यानात आलं की हा सूर आपल्या ओळखीचा आहे. ‘गाडी फुल आहे, पुढच्या गाडीला या.’ जन्मभर ती हेच तर म्हणत आली होती. आणि खिडकीतल्या माणसाशी भांडून कुणाला कधी जागा मिळाली? भांडणाऱ्याला ती स्वतःच सगळ्यात शेवटी उत्तर द्यायची. जागा मिळायची ती गुपचूप फलाटावर उभं राहणाऱ्याला, कारण ऐन वेळी न येणारा एक तरी प्रवासी प्रत्येक गाडीला असतोच.

“मॅडम,” ती म्हणाली, “नुसतं बसायला मनाई आहे का?”

किल्लेदारीणबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणं म्हणजेच होकार होता. “बसा बापडे. खुर्च्या काही माझ्या बापाच्या नाहीत.”

बाईनं सकाळच्या पाळीच्या बदल्यात रात्रीची पाळी मागून घेतली. शाळेला सुट्टी लागली होती, तेव्हा रोज दवाखाना उघडायच्या वेळी चिमणीला घेऊन हजर. पण न येणाऱ्या माणसाच्या जागी दर वेळी कुणाचा तरी मेहुणा, कुणाची तरी वहिनी आत सरके. बाई बसून राही. चिमणी सगळ्या खोलीकडे पाठ करून, खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून चित्रं काढी.

एके सकाळी किल्लेदारीणबाईंचा घसा बसला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा. आत कान, नाक, घशाचे एवढे मोठे डॉक्टर, आणि दाराशी त्यांच्याच माणसाच्या तोंडून नुसती हवा. त्या जीव तोडून नंबर पुकारत, आणि समोर बसलेले सगळे कानाचे रुग्ण. पाचाऐवजी नवाचा माणूस उठे. सातवाला म्हणे माझा नंबर गेलाच कसा. एक आजोबा काउंटरवर काठी आपटून विचारत होते, “आज डॉक्टर आहेत की नाहीत?” आतून घंटीवर घंटी वाजत होती. किल्लेदारीणबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

खिडकीतल्या बाईचे डोळे खिडकीतल्याच बाईला वाचता येतात. चौकशीबाई उठून काउंटरपाशी गेली आणि हळूच म्हणाली, “ताई, तुम्ही नुसता नंबर दाखवा. बोलायचं मी बघते.”

किल्लेदारीणबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि हातानं ‘आठ’ दाखवले.

बाई वळली. पाठ ताठ केली. माईक नव्हता, बटण नव्हतं, पण जीभ सवयीची गुलाम. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आठ नंबर, डॉक्टरांच्या खोलीकडे लवकरच सुटत आहे. आठ नंबरनं आपल्या सामानासह दाराशी यावं.”

सगळी खोली गर्रकन वळली. दोघांनी पायाखालच्या पिशव्या उचलल्या. एका काकूंनी पोराचा हात धरला. आजोबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, “आठ म्हणजे मीच. अहो, आज कानातल्या यंत्राशिवाय ऐकू आलं मला.” कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. एरवी काही झालं तरी दाराबाहेर न येणारे डॉक्टर दार उघडून उभे राहिले.

“काय चाललंय हे? कोण बोलतंय?”

बाई डॉक्टरांकडे बघतही नव्हती. सगळी खोली तिच्याकडे तोंड करून होती, आणि त्या सगळ्या तोंडांपलीकडं एकच पाठ दिसत होती. दोन वेण्यांची पाठ. कट्ट्यावरच्या वहीत ती कौलं काढत होती.

डॉक्टरांनी बाईच्या नजरेमागे नजर नेली. “ती कोणाची मुलगी?”

“माझीच. तुम्ही कान उत्तम म्हणाला होतात.”

डॉक्टर चिमणीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी एक टाळी वाजवली, मग जरा जोरात दुसरी. दुसऱ्या टाळीला चिमणीनं पेन्सिल थांबवली, मोरीत काही पडलं असावं तसं इकडेतिकडे पाहिलं, आणि पुन्हा चित्राला लागली.

“चाचणी कशी झाली होती हिची?” त्यांनी विचारलं. बाईनं भुवईची गोष्ट सांगितली, या वेळी शेवटपर्यंत. यंत्रापाशी बसणारी मुलगी दारातून ऐकत होती. तिचा हात आपोआप भुवईकडे गेला.

“आजोबा, दहा मिनिटं थांबाल?” डॉक्टर म्हणाले.

“थांबतो की,” आजोबा म्हणाले. “आमची गाडी काय, शेवटच्या थांब्याचीच आहे.”

चिमणीला पुन्हा त्या खोलीत बसवलं, यंत्रासमोरच्या काचेवर आतून चादर टांगली, आणि डॉक्टर तिच्या पाठीमागच्या काचेपाशी उभे राहिले. चिमणी बावरली, कारण हा खेळ आता तिच्या ओळखीचा राहिला नव्हता. पुष्कळ वेळ तिचा हात मांडीवरच राहिला. डॉक्टरांशेजारी उभ्या असलेल्या बाईला ते बघवेना, म्हणून ती त्या चादरीवरची फुलं बघत राहिली.

डॉक्टरांनी या वेळी बसायला सांगितलं. दोन्ही कानांना बरंच कमी ऐकू येत होतं, आणि ते बहुधा गेल्या वर्षा-दोन वर्षांत हळूहळू कमी होत गेलं होतं. औषधानं परत येणारं नव्हतं. यंत्रं लावावी लागतील, आणि ती आत्ताच लावलेली बरी, म्हणजे भाषा मागे पडणार नाही, इयत्ताही नाही. शाळेला पत्र मी देतो, म्हणाले. मग कागद खाली ठेवून म्हणाले, “पहिल्यांदाच मी तिच्या पाठीमागून बोलायला हवं होतं.”

“मीही घरात तसंच बोलायला हवं होतं, डॉक्टर. मी कायम समोरच असायची.”

निघताना किल्लेदारीणबाईंनी काचेच्या फटीतून एक चिठ्ठी सरकवली, पुढच्या तपासणीची वेळ, सकाळची पहिली. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी काचेमागून नुसते ओठ हलवले. चिमणीनं चटकन वाचलं आणि आईला सांगितलं, “त्या म्हणतायत, गरम पाणी प्यायला जाते, तोवर पुढचा नंबर पुकारा.” बाईनं नऊ पुकारला आणि मगच निघाली.

यंत्रं आली तो दिवस चौकशीबाईच्या पाळीचाच होता. नवरा सुट्टी काढून चिमणीला थेट दवाखान्यातून स्टँडवर घेऊन आला. पोरगी पावलोपावली थबकत होती. झाडूचा आवाज, पिशवीचा आवाज, बापाच्या चपलेचा आवाज. “बाबा, तुमची चप्पल रडते,” ती म्हणाली. ती सवयीनं खिडकीकडे तोंड करून बसायला गेली, तर बापानं तिला खांद्याला धरून फिरवलं आणि खिडकीकडे पाठ करून तिसऱ्या बाकावर बसवलं. स्वतः बाजूला झाला.

बाईनं काचेतून त्या दोन वेण्या पाहिल्या. वेण्यांच्या मागे, कानांवर, चिमटीएवढी दोन यंत्रं. वेळापत्रकाचा कागद अजून तोंडासमोर होता. तिनं तो तसाच राहू दिला. डोंगराकडच्या गाडीची घोषणा करायची होती, ती केली. लाल बटणावरचं बोट उचललं नाही. एवढ्या वर्षांत पाळलेला नियम तिनं तिथंच, भर स्टँडात मोडला.

“तिसऱ्या बाकावर पाठ करून बसलेल्या प्रवाशानं इकडे लक्ष द्यावं. घरी जाताना दूध घ्यायचंय, बाबांना आठवण कर. आणि ऐकू आलं असेल तर हात वर करायचा नाही, चिमणे. तोंडानं ओ द्यायची.”