पुठ्ठ्यावरच्या नदीची वाटणी

अर्जदार: तहसील कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली टेबल मांडून बसणारा इसम, वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण नववी, धंदा अर्ज लिहिणे, राहणार नांदुऱ्याकडील एक लहान खेडे. गैरअर्जदार: कोणा एकाकडे बोट दाखवता येत नाही, आणि तीच या प्रकरणातील मोठी अडचण आहे. घटनेचा काळ: हरभरा घाटे धरत होता तेव्हापासून शाळेला कायमचे कुलूप लागेपर्यंत. साक्षीदार: गावच्या शाळेच्या बाई, शाळेतील समस्त मुले, आणि वादातील वस्तू स्वतः. नावे दिलेली नाहीत. मुले लहान आहेत. मोठ्यांची नावे लिहिली तर अर्जाला पाय फुटतात आणि तो नको त्या दारात जाऊन उभा राहतो, हे मला धंद्याने शिकवले आहे.

माझ्या मसुद्यात शब्द बदलण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही, हे येथे नमूद करणे गैर ठरू नये. वकिलांचे कारकूनसुद्धा माझ्याकडे येत असत. आता लोक मोबाईलवर अर्ज भरतात. दुपारनंतर टेबलावर निंबोळ्या पडतात, त्या मी हाताने झाडतो आणि घरी येतो. अशाच एका दुपारी शाळेच्या बाईंनी मला हाक मारली. त्या एकट्याच शिक्षिका. चार वर्ग, एक खोली आणि सगळी मिळून एका टेंपोत बसतील एवढी मुले. मी शाळेच्या समितीचा सदस्य. शिवाय माझी पुतणी चौथीत.

"भाऊ, मुलांकडून एक कोलाज करून घ्यायचंय," बाई म्हणाल्या. "गावातल्याच वस्तू चिकटवून गावाचं चित्र. कापूस, तुराट्या, गोणपाट, चिंध्या, जे सापडेल ते. सगळ्यांनी मिळून एकच, मागची पूर्ण भिंत भरेल एवढं. मला एकटीला आवरायचं नाही."

फ्रिज आणि कूलरची मोठी खोकी नांदुऱ्याच्या एका दुकानातून आणलेली होती. ती उघडून, दाभणाने एकमेकांना शिवून भला मोठा पुठ्ठा तयार झाला होता. जमिनीवर पसरला तेव्हा मुलांना पाय ठेवायला कडेचीच जागा उरली.

"सगळ्यांचे एकच" हे शब्द ऐकताच माझ्या कपाळाला आठी पडली. माझ्या टेबलापाशी आलेले जवळजवळ प्रत्येक भांडण सगळ्यांची मिळून एकच असलेल्या वस्तूवरून आलेले आहे. सामाईक विहीर, सामाईक धुरा म्हणजे शेताचा बांध, सामाईक भिंत. सख्खे भाऊ एका बांधासाठी एकमेकांच्या मयतीला जात नाहीत. म्हणून मी सुतळी गेरूत बुडवली, दोन मुलांना टोके धरायला लावली आणि पुठ्ठ्यावर सरळ रेषा मारल्या. प्रत्येक मुलास सारखा तुकडा. मधून बैलगाडीची वाटही सोडली, कारण वाटणीत वाट सोडली नाही तर पुढची पिढी कचेरीत उभी राहते. प्रत्येक तुकड्यात ज्याचे त्याचे नाव माझ्या अक्षरात लिहिले. बाईंनी खळीचे पातेले खाली ठेवले.

पहिला आठवडा शिस्तीत गेला. ज्याने त्याने आपल्या तुकड्यात आपले घर चिकटवले. सोयाबीनच्या शेंगांची टरफले, बांगड्यांच्या काचा, बियाण्याची चकचकीत पाकिटे, शेगावच्या प्रसादाची पिशवी. पत्र्याच्या छपरांसाठी त्यांना कडक कागद हवा होता, तेव्हा मी माझे बाद झालेले मसुदे दिले. माझे टपोरे अक्षर छपरांवर उलटेसुलटे लागले. मला ते रुचले नाही, पण कागद देत राहिलो.

काम बघून बाई म्हणाल्या, "भाऊ, हे गाव वाटत नाही. धान्याच्या दुकानातले कप्पे वाटतात."

दुसऱ्या दिवशी विहाराजवळच्या वस्तीतली एक मुलगी निळ्या पताकांची गुंडाळी घेऊन आली. जयंतीच्या उरलेल्या होत्या.

"आबाले इचारलं का?" मी म्हणालो.

"हाव. आबा म्हने, कोऱ्या हायेत, छापेल नाही त्याच्यावर काई. नेय."

तिने आणि माझ्या पुतणीने मिळून त्या पताका पुठ्ठ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळणे घेत चिकटवल्या. कोणाच्या अंगणातून, कोणाच्या गोठ्यावरून, बैलगाडीच्या वाटेवरून. नदी झाली. आणि लगेच माझ्यासमोर रांग लागली.

"काका, अर्ज लिव्हा. इनं माह्या वावरातून नदी नेली."

"माही म्हैस बुडाली ना काका! डोकंच दिसून राह्यलं फक्त."

"मंग नदी कुठून जाईन बे, तुह्या डोक्यावरून?" ती मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली.

मी खुर्ची मागवली. दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. नदी ही कोणाची खाजगी मिळकत नसून ती ज्याच्या त्याच्या हद्दीतून वाहील, आणि म्हैस काठावर आणून चिकटवावी, असा निर्णय दिला. मुलांनी तो मानला. मोठी माणसे मानत नाहीत.

नदीमागून आगगाडी आली. तिसरीतल्या एका मुलाने काड्यापेट्यांचे डबे दोऱ्यात ओवून पुठ्ठ्याच्या मधोमध, या कडेपासून त्या कडेपर्यंत लावले. पुन्हा रांग. रेल्वेची जमीन सरकारने पूर्वीच संपादित केलेली आहे, असे मी सांगितले. एका मुलाने विचारले, "मंग मले पैसे भेटतीन का?" त्याला मी चॉकलेट दिले आणि प्रकरण मिटवले.

त्यानंतर हद्दी टिकल्या नाहीत. कापसाच्या शेळ्या दुसऱ्याच्या दारात गेल्या. विहाराच्या पायऱ्या कोणाच्या तरी कडब्याच्या गंजीवर टेकल्या, देवळाच्या कळसाला बांधलेला दोरा थेट पलीकडच्या पाण्याच्या टाकीला जाऊन मिळाला. एकाने चिकटवलेल्यावर दुसऱ्याने चिकटवले, त्यावर तिसऱ्याने. माझ्या रेषा खाली गेल्या, नावेही गेली. एका कोपऱ्यात तुराट्यांच्या कडुनिंबाखाली भुईमुगाचे टरफल चिकटलेले होते.

"हे कोण?" मी विचारले.

"तुमी," पहिलीतली एक पोरगी म्हणाली. "टक्कल हाये ना."

सगळी मुले हसली. मी गंभीर राहिलो. परंतु संध्याकाळी घरी जाताना पुतणीला विचारून ते टरफल पक्के चिकटले आहे ना, याची खात्री करून घेतली.

परीक्षेच्या सुमारास वरून कागद आला. पटसंख्या कमी, सबब शाळा बंद. गावातून वाहणाऱ्या खऱ्या नदीच्या अलीकडची मुले पूर्वेकडच्या गावच्या शाळेत, पलीकडची पश्चिमेकडच्या. याविरुद्ध मी एकामागून एक अर्ज लिहिले. त्यांतील भाषा मला आजही निर्दोष वाटते. उत्तर आले नाही. गावाने दोन दिवस आरडाओरडा केला, मग लोकांना कामे होती. मलाही थकवा आला होता. माणूस दुसऱ्यांचे अर्ज लिहितो तेव्हा उत्तर न येण्याचे दुःख दुसऱ्याचे असते. हे माझे होते.

सामानाची वाटणी करायला शिक्षण खात्याचे केंद्रप्रमुख आले. ते घामाघूम होते, दिवसभरात त्यांना अजून एक शाळा आवरायची होती. फळा एकीकडे, कपाट दुसरीकडे, सतरंज्या निम्म्या-निम्म्या. मग त्यांचे लक्ष मागच्या भिंतीकडे गेले. तिथे पुरे झालेले कोलाज टांगलेले होते.

"मस्त केलं हो पोरांनी," ते म्हणाले. "मधातून कापा. अर्धं इकडं, अर्धं तिकडं. दोन्ही शाळेत पोरांले आपलं वाटलं पाह्यजे."

"साहेब, कापायचं?" बाईंनी विचारले.

"मंग काय करू बाई? एका शाळेले देल्लं त दुसरीचे लोक माह्या अंगावर येतीन. मले का आनंद होऊन राह्यला का?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. "भाऊ हायेत ना. वाटण्या करण्यात जिंदगी गेली त्यांची. तेच करतीन बराबर."

ते गेले. कोलाज उतरवून जमिनीवर पसरले, आणि बाईंनी कात्री व पट्टी माझ्यापुढे ठेवली. मुले भिंतीला टेकून उभी राहिली.

मी गुडघ्यांवर बसलो आणि माझी मधली रेषा शोधू लागलो. ती कुठेच दिसत नव्हती. पट्टी ठेवून अंदाज घेतला, तर ती विहाराच्या पायरीवरून, एका घराच्या चुलीवरून आणि त्या म्हशीच्या पाठीवरून जात होती. थोडी सरकवली, तर टाकीचा दोरा तुटत होता. नदीच्या काठाने कापावे म्हटले, तर ज्या मुलाचे घर अलीकडे, त्याच्या शेळ्या पलीकडे चरत होत्या. जिथे एकाचे संपते तिथून दुसऱ्याचे सुरू व्हावे, एवढेच मला हवे होते. तशी जागा मला चित्रात सापडली नाही. मी पट्टी आडवी, तिरपी, सगळीकडून लावून पाहिली.

"काका," तो आगगाडीवाला मुलगा हळूच म्हणाला, "माही गाडी नका कापू ना. इंजन तिकडं अन् डबे इकडं, मंग कोनच्या कामाची?"

"लाइन सापडली का?" नदीवाल्या मुलीने विचारले. तिला पलीकडच्या शाळेत जायचे होते, माझ्या पुतणीला अलीकडच्या.

"नाही," मी म्हणालो.

"आमी सांगतलं असतं ना पयलेच," ती म्हणाली.

मी कात्री बाईंना परत दिली. गुडघे धरले होते, उठायला दोन मुलांनी हात दिला.

आज ते कोलाज परत टांगलेले, त्याच बंद खोलीच्या भिंतीवर आहे. मुले दोन दिशांच्या दोन शाळांत जातात. संध्याकाळी काही जण खिडकीच्या गजांना लटकून आत पाहतात. दोन्ही बाजूंची असतात, कारण खिडकी एकच आहे. मध्यंतरी मी पाहिले तेव्हा उंदरांनी कापसातली सरकी खायला सुरुवात केली होती. शेळ्यांपैकी एकीचे पोट उरलेले नव्हते. छतही एका कोपऱ्यात गळते.

सबब या लेखाद्वारे, ज्याच्या हाती असेल त्यास अर्ज सादर आहे की, सदर वस्तूची वाटणी होऊ शकत नाही. मी जागेवर बसून खात्री केलेली आहे. ती अखंड ठेवावी. दोनपैकी कोणत्याही एका शाळेची भिंत द्यावी, आणि दुसऱ्या शाळेच्या मुलांना ती पाहण्यास अधूनमधून नेण्याची सोय करावी. तेही शक्य नसल्यास खोलीची किल्ली गावाकडे द्यावी, छत आम्ही दुरुस्त करू. मुले वेगळी केलीत, त्यावर माझे मागील अर्ज आपणाकडे आहेतच. त्यांचे उत्तर आता मागत नाही. याचे मात्र द्यावे. नकार असला तरी तो लेखी कळवावा, म्हणजे खिडकीशी उभ्या असलेल्यांना मला काहीतरी वाचून दाखवता येईल. उंदीर मुदत पाळत नाहीत, हे लक्षात घेऊन उत्तर लवकर मिळावे.

अर्जदार,
कडुनिंबाखालील टेबल, दुपारपर्यंत हजर.