काका, ॐचा नंबर?

छपाईचे खिळे भंगारात गेले होते आणि कॉम्प्युटरवर ॐ सापडत नव्हता. समोर पाळी गावचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नपत्रिकेसाठी बसले होते. पहिली पत्रिका नारळासोबत ग्रामदेवतेला ठेवायची, मगच बाकीच्या वाटायच्या. भटजी अकराला देवळात येणार होते.

गोवा घटकराज्य होऊन काही वर्षं झाली होती. साखळीच्या त्या छापखान्यात मी नवी ऑपरेटर, धारगळहून दोन बस बदलून यायची. आमच्या मालकांना सगळे पात्रांव म्हणत. कोपऱ्यात पाकिटं चिकटवत बसलेले बाबलकाका मूळचे बांद्याचे. तीस वर्षं कंपोझिटर, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारे. आता खिळेच नव्हते. पात्रांवांनी त्यांना सांगून टाकलं होतं, "गणपतीच्या चवथीपर्यंत या, मग घरी आराम करा." काका बिचारे "बरां" म्हणाले होते.

मराठी फाँटमधली बरीच चिन्हं कळांवर नसायची. डाव्या हाताने Alt दाबून धरायचं, उजवीकडच्या आकड्यांवर आधी शून्य, मग १२८ ते २५५ पैकी एक नंबर. कुठल्या नंबरात काय, ते सांगणारं पुस्तक आमच्याकडे नव्हतं. मी एकेक नंबर मारून बघू लागले. काहीच उमटेना. घाम फुटला. मग दिसलं, Num Lock चा दिवाच बंद! तो लावला तशी चिन्हं उमटू लागली. मी ती कागदावर कुठेही खरडत होते.

काका मागे येऊन उभे राहिले. "बाय, अशी लिवलंस तर परत गावतली? सर बाजूक."

त्यांनी रद्द पत्रिकेच्या पाठीवर खणांची पेटी आखली, खिळ्यांची असते तशी. नेहमी लागणारी चिन्हं हाताजवळ, क्वचितची कोपऱ्यात. मी नंबर मारायचा, काकांनी खणात भरायचा. स्वस्तिक मिळालं. एकशे शहाऐंशीला ॐ आला तेव्हा मी खुर्चीतच उडी मारली. पाळीचे गृहस्थ पत्रिका घेऊन अकराच्या आत देवळाकडे धावले.

तेवढ्यात पात्रांव आले. कागद बघून खूश. "वा! हा भिंतीला लाव. म्हणजे कोणाला विचारायची गरज नाही."

काकांचा चेहरा उतरला. आपल्याच हाताने त्यांनी आपली गरज संपवली होती. मी कागदाची घडी करून पर्समध्ये कोंबली.

"पात्रांव, यातलं मला काही कळत नाही. नंबर काकांना पाठ आहेत. ते नसले तर माझं काम अडेल."

"इतकी शिकलीस कशाला मग?" ते करवादले. पण काकांना म्हणाले, "राहा तर चवथीनंतरही."

पंधरा दिवसांत मला सगळे नंबर पाठ झाले. तरी मी दर पत्रिकेला विचारायची, "काका, ॐ?" काका पाकिटावरून मान न उचलता नंबर सांगायचे. अशी चार वर्षं गेली.

एकदा मी विचारलं, काका म्हणाले, "एकशे नव्वद." माझ्या बोटांनी सवयीने एकशे शहाऐंशी मारला. पडद्यावर ॐ आला. मी जीभ चावली.

काका शेजारीच उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुका येता तर सगळा. कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून," मी पुटपुटले.

"गो बाय माझे," एवढंच म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. दोघांचेही डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी डिचोलीची पत्रिका आली. मी विचारलं, "काका, ॐचा नंबर?"

त्यांनी सांगितला. बरोबर सांगितला.

नव्या ऑपरेटरांना मी सगळे शॉर्टकट शिकवते. पण शेजारी कोण बसलंय ते बघूनच वापरा, असंही सांगते.