पायरीवरची थंडी

वस्ताद रोज सकाळी बारवेत उतरले की पहिली बुडी एकट्याने मारत आणि वर येताना तळातला मूठभर गाळ घेऊन येत. तो काळा गाळ आमच्यासमोर पायरीवर थापून म्हणत, "बघा रे. तळ हाय. तळ न्हाई असं पाणी देवानं केलेलंच न्हाई." आम्ही सात-आठ पोरं कुडकुडत त्या गाळाकडे बघायचो. शाळेत उर्दूतून हजेरी व्हायची, त्याआधी ही बारवेची हजेरी.

आमचं गाव पूर्णेच्या काठावर. आता ते गाव आणि ती बारव दोन्ही येलदरीच्या धरणाखाली गेली. मी सांगतोय ते निजामाच्या अमलातलं. वस्ताद धनगर होते. मेंढरं त्यांची बायको सोडायची, कारण सकाळ त्यांनी गावच्या पोरांना देऊन टाकली होती. इतर गावांत पोरं उन्हाळ्यात पोहायला शिकत आणि दिवाळीला अंग पुसून मोकळी होत. वस्तादांना ते मान्य नव्हतं. "उन्हाळ्यात समदेच पवतेत. म्हशी बी पवतेत," ते म्हणायचे. "पाण्यात पडायची येळ काय पंचांग बघून येती व्हय?"

पौषात बारवेवर वाफ दिसायची. पाणी खरोखरच कोमट असायचं. हाल व्हायचे ते उघड्या अंगाने पायरीवर उभं राहताना. "थंडी पाण्यात न्हाई रे, पायरीवर हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जो पायरीवर घुटमळला तो मेला, जो उतरला तो तरला. पाण्याबाहेर आलं की ते आम्हाला तिघा-तिघांना एका घोंगडीत गुंडाळायचे. त्या घोंगडीला मेंढरांचा वास यायचा, आणि तो वास मला आवडायचा.

तरी पोरं गळायचीच. मग वस्ताद दारात उभे राहत. आया सांगत, पोराला ताप आहे. वस्ताद सरळ पोराच्या कपाळावर तळहात ठेवत. "अक्का, ताप हाय म्हनता, मग ह्याचं कपाळ माझ्या हातापरीस गार कसं?" माझी आई पदर तोंडाला लावून हसायची आणि मला बाहेर ढकलायची. तापाचं सोंग त्यांच्यापुढे चालत नसे.

मी दहा वर्षांचा होतो आणि सगळ्यांत भित्रा. पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगणाऱ्या लाकडाचा बिंडा बांधल्याशिवाय मी पाण्यात पाय घालत नव्हतो. एके दिवशी वस्ताद म्हणाले, "मन्मथा, बिंडा पवायलाय, तू न्हाई. उद्या सोडायचा." बाकीची पोरं फिदीफिदी हसली. मी घरी आलो ते सुटकेची वाट शोधतच.

ती माझ्या गळ्यातच होती. आमचं घर लिंगायत वाण्याचं. चांदीच्या डबीतलं इष्टलिंग आमच्या गळ्यात असतं. ते अंगावेगळं करायचं नसतं, आणि त्याची पूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नसतो. मी विचार केला, लिंग पाण्यात पडलं म्हटलं की अप्पा मला पुन्हा बारवेत उतरू देणार नाहीत. कपाळावर हात ठेवून हे खोटं कुणाला पकडता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे गाळाभोवती जमले असताना मी दोरा गळ्यातून काढला आणि डबी भिंतीतल्या दिव्याच्या कोनाड्यात खोल सरकवली. बिंडा सोडायच्या आधीच घाईघाईने पाण्यात शिरलो आणि ओरडलो, "वस्ताद, लिंग गेलं!"

पुढे काय होईल याचा मी एवढासाही विचार केला नव्हता. अप्पा धावत आले. लिंग गेलेला मुलगा जेवणार कसा, आणि तो उपाशी असताना घर कसं जेवणार? अप्पांनी चूल पेटवू दिली नाही. आईच्या अंगावर तीन महिन्यांची बहीण पीत होती. आमच्या मठाचे स्वामी म्हणाले, "आधी शोधा. दुसरं लिंग द्यायचं मग बघू." कोनाड्यापर्यंत जायची मला सोय राहिली नाही. बारवेच्या पायऱ्यांवर सगळं गाव बसलं होतं. खरं सांगून टाकावं, तर चुकून पडलेल्या लिंगाला क्षमा होती. स्वतःच्या हाताने काढलेल्याला ती असेल, असं मला वाटत नव्हतं.

वस्ताद बुड्या मारू लागले. प्रत्येक बुडीला दोन्ही मुठी भरून गाळ वर येई. तो पायरीवर टाकून ते म्हणत, "मन्मथा, चिवड. तुझी बोटं बारीक हायती." जे तिथे नाही हे मला ठाऊक होतं, ते मी गाळात शोधत बसलो. ढीग वाढत गेला. सूर्य कलल्यावर लोकांनी वस्तादांना ओढून वर काढलं. रात्रभर आईने मला जवळून हलू दिलं नाही. सकाळी ते परत आले. मी आदल्या दिवसापासून नुसतं पाणी पिऊन होतो. आईला दूध येईना आणि बहीण रडून रडून गप्प झाली होती. मी पुन्हा गाळात बोटं घातली.

दुपारी वस्ताद डाव्या कानावर हात दाबून वर आले. बोटांच्या फटीतून येणारं पाणी लालसर होतं. "बस करा आता," अप्पा म्हणाले.

"जरा दम खातो," म्हणत ते भिंतीला टेकले. आधारासाठी हात वर केला तो नेमका कोनाड्यात गेला. हात तिथेच थांबला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मूठ मिटूनच त्यांनी हात काढला, पाण्यात शिरले, आणि वर आले ते ओरडतच, "घावलं! घावलं!"

अप्पा रडले. डबीचा दोरा ओला होता, पण तिला गाळाचा कणही नव्हता. आनंदात ते कुणाला दिसलं नाही.

"वस्ताद, काय देऊ तुम्हाला?"

"काय नगं. पोरगं थंडीभर धाडा. लय भ्यायलंय."

थंडीभर मी गेलो. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बिंडा सोडला आणि माझ्या पोटाखाली हात धरला. आज ते बोलतील, आज सगळ्यांपुढे विचारतील, अशी मी रोज वाट बघत होतो. ते एवढंच म्हणत, "पाय मार. हात हाय माझा." शिवरात्रीला मी एकटा बारव पार केली. ते बोलले नाहीतच.

त्यांचा डावा कान मात्र कायमचा गेला. पुढच्या वर्षी लांडगा डाव्या बाजूने कळपात शिरला आणि दोन कोकरं घेऊन गेला. "बहिरं झालंय माझं माणूस, मेंढरं वरडली तरी ऐकायला येईना," त्यांची बायको आमच्या दुकानात आईला सांगत होती. मी तिथेच गूळ फोडत होतो. मी फोडतच राहिलो.

निजामाच्या शेवटच्या थंडीत रझाकारांच्या धाकाने गावं रिकामी होऊ लागली. अप्पांनी वऱ्हाडात जायचं ठरवलं. निघायच्या सकाळी मी वस्तादांकडे गेलो. मी वीस वर्षांचा झालो होतो. ते उन्हाला बसून चातीवर लोकर कातत होते. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. कोनाडा, डबी, गाळ, कान, कोकरं. माफ करा म्हणालो. त्यांची चाती फिरतच होती.

मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो होतो. चुकून नव्हे.

ते वळले. "काय म्हनलास रे?"

"काही नाही वस्ताद. थंडी लय पडलीय म्हणलो."

त्यांनी चाती खाली ठेवली. कोनाड्यापाशी पाहिलं होतं तसंच माझ्याकडे पाहिलं, आणि तळहात माझ्या कपाळावर ठेवला.

"थंडी पाण्यात न्हाई, मन्मथा. पायरीवर हाय."

आम्ही परत आलो तेव्हा वस्ताद राहिले नव्हते. त्या सकाळी उजव्या बाजूला जायला मला दोन पावलं पुरली असती. मी पाया पडलो आणि निघालो.