त्या आठवड्यात मी कुणाशी बोलले

जामनेरच्या शाळेत मराठी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. लेक जळगावला असते. माहेर शिरपूरकडचं, म्हणून म्हातारपणासाठी मी त्याच बाजूचा, देवपूरमधला हा वृद्धाश्रम निवडला.

उन्हाळ्यात लघवीला जळजळ सुरू झाली, तेव्हा कुणाला सांगितलं नाही. बाथरूम व्हरांड्याच्या टोकाला. सारखं उठावं लागू नये म्हणून पाणी पिणंच कमी केलं. उष्णतेचं असेल, जाईल, असं वाटलं.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. आठवतं ते एवढंच, की व्हरांडा शाळेचा झाला होता, घंटा होऊन गेली होती आणि मला खडू सापडत नव्हता. मग माझी थोरली बहीण, अक्का, आली. तिनं कपाळावर हात ठेवला. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली, हे माझ्या मनातही आलं नाही.

लेकीनं नंतर सांगितलं ते वेगळंच. आली होती ती लेकच. सेविकेनं तिला फोन केला होता, "आजी कालपासून भलतंच बोलताहेत, अंगही तापलंय."

डॉक्टरांनी तपासलं, लघवी तपासायला पाठवली. लेकीनं विचारलं, "हा विसरण्याचा आजार तर नाही ना?"

"तो असा एका दिवसात येत नाही," डॉक्टर म्हणाले. "ताप आहे, लघवीला त्रास आहे. या वयात जंतुसंसर्गानं माणूस असा भ्रमतो. बाकीचंही तपासतो, पण औषध आधी सुरू करू."

सलाईन लागलं, इंजेक्शनं झाली. हळूहळू खोली पुन्हा खोली झाली.

पण त्या दिवसांत मी लेकीशी माहेरच्या अहिराणीत बोलत होते म्हणे. "अक्का, तू कव्हय उनी? माले घर जानं शे." म्हणजे, तू कधी आलीस, मला घरी जायचंय. घरात मी ही भाषा कधी बोललेच नव्हते. लेकीला ती येतही नाही.

"आणखी काय बोलले?" मी विचारलं.

"बरंच. मला सगळं कळलं नाही."

"जे कळलं ते सांग."

ती चादरीची घडी घालत राहिली. "बरी झालीस ना, मग झालं तर."

बहिणीला सांगावं असं माझ्याकडे काय होतं, ते मी पुष्कळ आठवून पाहिलं. काही सापडलं नाही. आठवायला बसलं की अहिराणीसुद्धा धड येत नाही.

मग लेकीनं, खात्री असावी म्हणून, पुन्हा लघवी तपासून घेतली. रिपोर्टमध्ये जंतू निघालेच. ती रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेली, बरोबर मलाही नेलं.

"जळजळ होते? ताप? ओटीपोटात दुखतं?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"मग औषध नको."

"पण जंतू आहेत ना?" लेक म्हणाली.

"म्हातारपणी पुष्कळांच्या लघवीत असतात आणि काही त्रास देत नाहीत. उगाच औषध दिलं, तर खरी गरज पडेल तेव्हा ते लागू पडणार नाही. पाणी प्यायचं, लघवी धरून ठेवायची नाही, त्रास झाला तर त्याच दिवशी सांगायचं."

माझं काही डोकं चालेना. तेच जंतू, तेव्हा इंजेक्शनं आणि आता नुसतं पाणी. मी म्हटलं, "डॉक्टर, भ्रमले होते तेव्हाही मला मी ठीकच वाटत होते. मग आत्ता ठीक आहे हे मला कसं कळायचं?"

"तुम्हाला नाही कळलं, तर आसपासच्यांना कळेल," ते म्हणाले.

हे उत्तर मला पुरलं नाही, पण दुसरं कुणाकडे नव्हतं.

हल्ली लेक रोज सकाळी फोन करते. "आई, बरी आहेस ना?" मी हो म्हणते, आणि फोन ठेवला की सेविकेला विचारते, "मी बरी आहे ना गं?"

"बऱ्या म्हणजे?" ती परवा म्हणाली. "भाजीत मीठ कमी म्हणून आत्ताच तर भांडलात माझ्याशी."

मी खरंच भांडले होते का, मला आठवेना; आणि तिला विचारायचं राहून गेलं.