जाळीचं कुलूप

आष्ट्याच्या बाजारात रसूलभाईंचं गाद्यांचं दुकान, आणि त्याच्या वर दुसऱ्या मजल्यावर शकिलाचा शिवणक्लास. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचं दार, त्याला आतून कुलूप, किल्ली शकिलाच्या पदराच्या गाठीत. कुणी परका माणूस वर येणार नाही, असा शब्द तिनं आयांना दिलेला. त्या शब्दावरच मुली यायच्या.

नगरपालिकेचा नवा नियम आला. अशा इमारतींना आगीच्या वेळी उतरायला बाहेरून दुसरा जिना हवा, वाटेतल्या दारांना कुलूप नको. इमारतीचे मालक लालासाहेब तापले, "आवं, एवढा खर्च कोण करणार?" शकिलानंही मान डोलावली. जिना झाला की भाडं वाढणार, कुलूप गेलं की मुली जाणार.

त्याच आठवड्यात दुपारची नमाज झाली आणि जिन्यातून धूर वर आला. खाली कापूस पिंजायच्या मशीनची ठिणगी उडाली होती. मुली जाळीकडं धावल्या. शकिलानं पदर चाचपला. गाठ सुटलेली! नमाजाआधी वजूला हातपाय धुताना किल्ली काढली होती, पण ठेवली कुठं? पिंपावर नाही, खिडकीत नाही.

"खाला, लवकर!" रुमाना जाळी गदागदा हलवत होती.

तोंडानं कलमा, हात सैरभैर. शेवटी जिच्यावर नमाज पढली ती घडी घातलेली जानमाज झटकली, तेव्हा किल्ली फरशीवर वाजली.

कुलूप उघडून सगळ्या खाली धावल्या, तोवर रसूलभाईंनी ओली पोती टाकून आग विझवली होती. "कापसाचा ढीगच गेला, भाभी. बाकी काय न्हाई."

संध्याकाळी लालासाहेबांनी भाडेकरू जमवले. "विझली न्हवं? मग? परवा समद्यांनी पालिकेत सांगायचं, जिना नको."

"मी सांगणार, पायजे," शकिला म्हणाली.

"आवं भाभी, त्या दिवशी तर व्हय म्हणालता!"

"तवा किल्ली हरवली नव्हती, दादा."

"कुलूप काढल्यावर पोरी टिकतील व्हय?"

शकिला तशीच उठली.

त्याच रात्री घरोघरी जाऊन तिनं स्वतःच सांगितलं, उद्यापासून जाळी उघडी, आणि परवा पालिकेत आपण जिना मागणार. सकाळी आपलं मशीन दाराशी ओढून बसली. जिना सुना. दोरा सुईत जाईना.

बऱ्याच वेळानं रुमाना आली, मागं तिची आई. आई उघड्या जाळीकडं बघत राहिली.

"कुणी वर आलं तर?"

"आधी माझ्याशी गाठ हाय."

आई हसली नाही. लेकीला आत धाडलं आणि स्वतः पायरीवर बसली.

"उद्या पालिकेत मी पन येते," ती म्हणाली. "आज मात्र मी हितंच बसणार."

शकिलानं बिस्मिल्ला म्हणून मशीन सुरू केलं. आतली बाकीची मशीनं अजून झाकलेलीच होती.