बायकोच्या फोनवरचं नेट

माझा धाकटा दीर चिंग-याओ लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीत मोठा साहेब आहे. मोठा म्हणजे काय, लॅपटॉपमधून अजून काय काय काढून टाकता येईल ते शोधायचं काम त्याच्याकडे. सिमकार्डाची खाच त्याच्या डोळ्यांत सलते. लॅपटॉपला स्वतःचं सिम असलं तर झाकण उघडल्याबरोबर नेट सुरू, एवढी साधी गोष्ट. पण ह्याचं एकच पालुपद, सगळ्यांच्या खिशात फोन आहे ना, त्यावरून घ्या की नेट, लॅपटॉपला वेगळं सिम कशाला. जेवायला बसलं तरी हेच, कुणाच्या लग्नाला गेलं तरी हेच. ऐकून ऐकून माझे कान किटले.

आता ह्या शहाण्याच्या खिशातली गंमत ऐका. घराबाहेर पडलं की हा लॅपटॉपला नेट द्यायचा ते बायकोच्या फोनवरून. स्वतःचा फोन मोकळा हवा, न जाणो वरच्या साहेबाने आठवण काढली तर! आणि मध्येच कॉल आला की मीटिंग तुटते, म्हणून तिच्या फोनवरचे कॉलसुद्धा बंद करून टाकायचा. माझी जाऊ पी-यून गरीब गाय, निमूट फोन काढून द्यायची. तिचा मला राग यायचा, पण ह्याची तर किळस.

यंदा छिंगमिंगच्या, म्हणजे पितरांची थडगी साफ करून नैवेद्य दाखवायच्या सणाला आम्ही सगळे मियाओलीच्या डोंगरावर सासऱ्यांच्या थडग्याशी गेलो होतो. पी-यूनचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिच्या आईला आदल्या दिवशी लांब काओशुंगच्या इस्पितळात हलवलं होतं आणि आज हृदयाचं ऑपरेशन. ती पहाटेच निघणार होती, तर चिंग-याओ म्हणाला, आधी बाबांचं उरकू दे, मग जा. आत नेण्याआधी मला पी-यूनशी एकदा बोलायचंय, असा म्हातारीने धाकट्या लेकीकडून निरोप दिला होता. म्हणून ही बिचारी गवत उपटतानाही फोन हातातून सोडत नव्हती.

आम्ही ताटं मांडली, उदबत्त्या लावल्या, आणि ह्याने काय करावं? नैवेद्याची कोंबडी बाजूला सारून तिथे लॅपटॉप उघडला. परदेशी गिऱ्हाइकाला आपले सण थोडेच असतात. पी-यूनकडे हात केला. आज नको, आईचा फोन यायचाय, असं ती म्हणाली. पाच मिनिटांचं काम आहे म्हणत त्याने फोन तिच्या हातातून काढूनच घेतला, नेहमीसारखे कॉल बंद केले आणि लॅपटॉपच्या मागे ठेवला.

गिऱ्हाईक नेमकं तेच विचारत होतं, नव्या लॅपटॉपमध्ये सिम हवं की नको. चिंग-याओला चेव चढला. मी आत्ता डोंगरावर बापाच्या थडग्यापाशी उभा आहे, तरी माझा आवाज तुम्हाला लख्ख येतोय, खिशातल्या फोनवर, असं छाती फुगवून सांगत होता. कुणाचा खिसा आणि कुणाचा फोन, ते मेलं कोण विचारणार.

इकडे सासूबाई लाकडाचे लाल चंद्रकोरी ठोकळे टाकून सासऱ्यांना विचारत होत्या, अहो, जेवण झालं का? एक ठोकळा उताणा आणि एक पालथा पडला की हो. तो हो मिळेपर्यंत कागदी नोटा जाळता येत नाहीत आणि कुणाला डोंगर उतरता येत नाही. ठोकळे मात्र दरवेळी दोन्ही उताणे. म्हणजे गेलेलं माणूस हसतंय.

"आज ह्यांना कसलं एवढं हसू येतंय कोण जाणे," सासूबाई म्हणाल्या.

"लेकाचं भाषण ऐकताहेत," मी म्हटलं.

पाच मिनिटं कधीच सरली होती. पी-यून उठली, सरळ जाऊन तिने फोन उचलला आणि तिचा चेहराच उतरला. बहिणीचे कॉल येऊन गेल्याचे निरोप एकाखाली एक लागले होते. तिने नेट तोडलं आणि बहिणीला फोन लावला. आईला आत्ताच आत नेलं होतं. दारापर्यंत म्हातारी विचारत होती, ताईचा फोन आला का.

लॅपटॉपवरची परदेशी तोंडं वासलेली तशीच थिजली. "अगं, मीटिंग चालू आहे माझी," चिंग-याओ ओरडला.

"तुमच्या खिशात फोन आहे ना? तो काढा," पी-यून म्हणाली. लग्न झाल्यापासून तिने त्याला दिलेलं हे पहिलं उत्तर.

सासूबाईंनी लेकाकडे पाहिलंदेखील नाही. ठोकळे ओंजळीत घेऊन त्यांनी विचारलं, "सूनबाईला जाऊ द्यायचं ना?" पहिल्याच वेळी एक उताणा, एक पालथा. "जा पोरी, ते हो म्हणाले," त्या म्हणाल्या. पी-यून तशीच चिखलाच्या चपलांनी डोंगर उतरली.

म्हातारी वाचली. संध्याकाळी शुद्धीवर आली तेव्हा पी-यून उशाशी होती. तिला पाहून म्हातारीचा पहिला प्रश्न, "जावईबापूंचं काम झालं का गं? तू फोन उचलला नाहीस, तेव्हाच मी ओळखलं." हे मला सांगताना पी-यून ढसाढसा रडली.

मी ते चिंग-याओला मुद्दाम, शब्दन् शब्द ऐकवलं. म्हटलं, बघू तरी ह्याला कुठे टोचतं का. त्याने ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"डोंगरात रेंज खराब होती, वहिनी," तो म्हणाला. "ऑफिसातही मी तेच कळवलंय."